पेढ्याची सही

मला आधी आमच्या साहेबांची किळस यायची. आता माझीच जास्त येते.

मी सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून आहे. मागच्या वर्षी वरून ठरलं की एक अख्खी पाळी बंद करायची. कायदा म्हणतो, एवढी माणसं काढायची तर तीन महिने आधी प्रत्येकाला कारणासकट लेखी नोटीस द्या. म्हणजे माणूस दुसरं काम शोधेल, कुठे दाद मागेल. साहेबांना नेमकं तेच नको होतं. हातातल्या ऑर्डरी निघेपर्यंत माग चालायला हवे होते.

खंडेनवमीला आमच्याकडे माग धुऊन त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. पूजा झाली की प्रत्येकाने सही करायची आणि पेढ्याचा पुडा घ्यायचा. ती सही कुणी वाचून करत नाही. पूजेच्या दिवशी कागद तपासणं म्हणजे देवाच्या प्रसादावर संशय घेणं, असं मानतात. ही रीत साहेबांना मीच सांगितली होती, गप्पांच्या भरात. त्यांनी इंग्रजीत छापलेल्या नोटिसांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "मजकुरावर पुठ्ठा ठेवा, सहीची जागा तेवढी उघडी." मी ठेवला. कसला हा नीचपणा! देवापुढची उदबत्तीसुद्धा विझली नव्हती.

वाइंडिंग खात्यातल्या अक्का पुढे आल्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, वीस वर्षं सूत गुंडाळलेल्या.

"दादा, कसली सही हाय?"

"पेढ्याची, अक्का."

त्यांनी हळदीचे हात पदराला पुसले, सावकाश सही केली आणि पुड्यातला पहिला पेढा मलाच दिला. मी तो खाल्ला.

मधल्या दिवसांत शेजारच्या कारखान्याने त्यांना कामाला बोलावलं. "नको म्हणलं त्यास्नी. हितं वीस वर्षं झाली की," असं मला मुद्दाम येऊन सांगून गेल्या. मी नुसती मान हलवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तीन महिने भरले आणि सकाळीच त्या पाळीला गेटवर अडवलं. तक्रार कामगार कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी अक्कांपुढे कागद सरकवला. "ही सही तुमची?"

'नाही म्हणा,' असं युनियनच्या पुढाऱ्याने त्यांना पढवून आणलं होतं. पण अक्का म्हणाल्या, "व्हय, माझीच हाय. पन पेढ्याची म्हणून केली. ह्या दादांनाच इचारा की, ते खोटं न्हाय बोलायचे."

अधिकारी माझ्याकडे वळले. साहेब माझ्या शेजारीच बसले होते.

मी म्हणालो, "नोटीस वाचून दाखवली होती."