हेडरेस्टवरचं कव्हर

माझ्या दादाने गोंदियातल्या एका राइस मिलवाल्याकडून जुनी विलायती गाडी घेतली, तेव्हा पहिलं काम काय केलं, तर सीटना रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. मूळचं कातडं इतकं मऊ, पण ते खराब होईल ना! कव्हरवाल्यानेही अक्कल पाजळली. सीट आणि वरचा हेडरेस्ट मिळून एकच पिशवी शिवली, घट्ट. त्या गाडीचे हेडरेस्ट बटणावर वर-खाली व्हायचे. आल्या-गेल्या पाहुण्याला दादा बटण दाबून दाखवायचा आणि पिशवीत कोंडलेला हेडरेस्ट जागेवरच थरथरायचा. थोड्याच दिवसांत पुढच्या डाव्या सीटचा जो खाली बसला, तो बसलाच. बटण दाबलं की मोटर नुसती घरघर करायची.

इथवर मला काही घेणंदेणं नव्हतं. पण त्याच वर्षी बाबांची मान गेली. रेल्वेत गँगमन, जन्मभर खांद्यावर लोखंड. हाताला मुंग्या यायच्या, भाताचा घास बोटांतून सुटायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि बजावलं, प्रवासात मानेला मागून आधार हवाच, जोराचा झटका बसला तर हात कायमचे जातील. आणि तपासणी दर महिन्याला, तीही नागपूरलाच. बाबा उंच. खाली बसलेला हेडरेस्ट त्यांच्या पाठीत रुतायचा आणि डोकं मागे लोंबायचं. उशी ठेवली तर घसरायची. शेवटी मी मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरायचे, गोंदियाजवळच्या आमच्या कामठा गावापासून नागपूरपर्यंत. खड्डा दिसला की आम्ही दोघंही डोळे मिटायचो.

"दादा, तो हेडरेस्ट दुरुस्त करून घे ना."

"करू न. पण कव्हर उसवा लागते. मंग ते तसं बसत नाही."

दर महिन्याला हेच. लोकांपुढे मात्र म्हणायचा, बाबांसाठीच तर गाडी ठेवली आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोतीही नव्हता, रेक्झिन होतं.

एकदा दादा कामाने रायपूरला गेला आणि नेमकी तपासणीची तारीख आली. गाडी मला चालवता येत होती. पण मी चालवणार तर डोकं कोण धरणार? म्हणून बाबांना घेऊन आधी गोंदियाला मेकॅनिककडे गेले. त्याने कव्हर चाचपलं.

"दीदी, ये काटना पड़ेगा. भैया से पूछ लो."

मी त्याच्या हातातलं ब्लेड घेतलं आणि वरपासून खालपर्यंत फाडलं. तो फर्रकन झालेला आवाज मला अजून गोड वाटतो.

आत प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते पार घासून गेले होते. "कव्हर ने पकड़ के रखा था न," मेकॅनिक म्हणाला. तसा गिअर मिळणं शक्य नव्हतं. त्याने बाबांना सीटवर बसवलं, हेडरेस्ट हाताने ओढून त्यांच्या डोक्याच्या मापाला आणला आणि आतून लोखंडी पट्टी कसून पक्का केला. आता तो बटणावर हलणार नव्हता. न हलो, कोणाला हलवायचा होता?

तिरोड्याच्या पुढे बाबांना झोप लागली. या गाडीत पहिल्यांदा. त्यांच्या शेजारी मी रडत गाडी चालवत होते, निव्वळ रागाने. एवढंसं तर काम होतं.

दुसऱ्या दिवशी दादा परतला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि घरात आला. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारलं नाही.

"कव्हर काऊन फाडलं? कोणं फाडलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून बाबा बोलले, "मीच फाडलो. मले गरम होऊन राहिलं होतं."

ज्यांना लुंगीची गाठ मारता येत नव्हती, त्यांनी म्हणे रेक्झिन फाडलं. आणि दादाने ते ऐकून घेतलं. चरफडत आत गेला.

दादाचा राग मला नवा नव्हता. त्या दिवशी बाबांचाच आला. साहेबाला तोंडावर सुनावणारा माणूस, पोटच्या पोरासमोर खोटं बोलतो? खरं काय ते सांगायला मी उठले, तर त्यांनी माझा पदर धरला. बोटांत पकड नव्हती, पदर सुटला, तरी मी थांबले.

"चूप राह बाई," ते हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात तो मले नेला नाही तं?"