महाराणीचे नऊ सेकंद

माधवी देवस्थळी हिची चित्रपटसृष्टीतली कारकीर्द एकूण नऊ सेकंदांची. त्यातले दोन सेकंद ती पाठमोरी आहे. तरीही डब्लिनच्या मराठी मंडळात आज तिला ‘आमची हिरॉइन’ म्हणतात, आणि म्हणताना बायका एकमेकींकडे बघतात.

त्याआधीची सतरा वर्षं ती हिरॉइन वगैरे काही नव्हती. पुण्याहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून, लग्न करून ती आयर्लंडला आली, डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला घर घेतलं आणि एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासायला लागली. त्या कामाचा एकच धर्म. चुकीचा आकडा पडला तर पुसायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी सही, तारीख आणि कारण लिहायचं. एकदा एका सहा फुटी आयरिश माणसाने व्हाइटनर लावला म्हणून तिने त्याच्याकडून चाळीस पानं नव्याने लिहून घेतली होती. त्यानंतर तो तिला बघितलं की लिफ्ट सोडून जिन्याने जायचा.

घरी तपासायला एकच नग होता. मुलगी सानिका, वय सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र अस्सल डब्लिनच्या इंग्रजीत. तिला नाटक-सिनेमाचं शिक्षण घ्यायचं होतं.

इथे कॉलेजच्या प्रवेशासाठी एकच ऑनलाइन फॉर्म असतो. हवे ते कोर्स पसंतीच्या क्रमाने भरायचे, आणि वरून खाली येताना ज्याला पहिल्यांदा मार्क पुरतील तो पदरात पडतो. सानिकाने वर नाटक टाकलं, त्याखाली आईच्या समाधानासाठी फार्मसी आणि बाबाच्या समाधानासाठी इंजिनिअरिंग. फी माधवीच्या कार्डावरून भरलेली, त्यामुळे पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक. जानेवारीच्या शेवटी, घरून काम करताना, दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत तिने फार्मसी उचलून नाटकाच्या वर ठेवली. सही नाही, तारीख नाही, कारण नाही.

फेब्रुवारीत मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख अलकनंदाताईंचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. डब्लिनजवळ विकलोला सिनेमाचं शूटिंग आहे, भारतीय दिसणारी माणसं हवीत, जेवण फुकट. हा सिनेमा नोरा नावाच्या, दक्षिणेतल्या कॉर्क गावाकडच्या एका मुलीवर होता. शंभर वर्षांपूर्वी ती पळून हॉलिवूडला गेली. अकरा मूकपटांत झळकली, त्यांतल्या चारांत तर हिंदुस्थानची राजकन्या म्हणून. मग बोलपट आले, राजकन्येने तोंड उघडलं आणि आतून कॉर्कची गावठी बोली बाहेर पडली. नोरा परत आली आणि तिने गोळ्या-चॉकलेटचं दुकान टाकलं.

माधवीने हे वाचलं आणि तिला आनंद झाला. “बघ सानू, शेवटी दुकानच!”

“दुकान तिच्या मालकीचं होतं, आई,” सानिका इंग्रजीत म्हणाली.

सानिकाला राजकन्येच्या दासीचं काम मिळालं. अठराच्या आतल्या मुलांसोबत पालक लागतात, म्हणून माधवी डबा, दम्याचा पंप आणि केमिस्ट्रीच्या नोट्स घेऊन सेटवर हजर झाली. सेट राजवाड्याचा होता. खांबांवर हत्ती, महाराणीच्या मुकुटावर इजिप्तचा नाग, दरबाऱ्यांना तुर्की सलवारी.

“हा भारताचा कुठला भाग?” माधवीने विचारलं.

“हॉलिवूड,” सेटवाली मुलगी अभिमानाने म्हणाली.

महाराणीचं काम करणारी बाई आजारी पडली. दिग्दर्शिका शिवॉन डोकं धरून बसली होती, तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे माधवी सेटच्या या टोकाहून त्या टोकाला असलेल्या सानिकाला झापत होती. पाठ सरळ ठेव, केस मागे घे, पाणी प्यायलीस का. सगळं ओठांनी आणि डोळ्यांनी, आवाज अजिबात नाही. पाहुण्यांसमोर, लग्नात, पालकसभेत मुलांची खरडपट्टी काढायची ही पद्धत माधवीला तिच्या आईकडून आली होती, आणि मंडळातल्या झाडून सगळ्या बायका त्यात पारंगत होत्या.

“हीच!” शिवॉन ओरडली. “ही बाई शंभर वर्षं उशिरा जन्मली!”

अशा रीतीने माधवी महाराणी झाली. प्रसंग नोराच्या एका मूकपटातला, राजकन्येच्या निरोपाचा; आवाज नाही, नुसते ओठ हलवायचे. पहिल्या टेकला तिने एकोणतीसचा पाढा म्हटला. शिवॉन म्हणाली, चेहरा इन्कमटॅक्सवाल्यांसारखा दिसतोय.

“तुमची मुलगी कायमची लांब चाललीय. जे तिला कधी सांगता आलं नाही ते सांगा. तुमच्या भाषेत सांगा. कोणाला ऐकू येणार नाही.”

समोर राजकन्या होती आणि तिच्यामागे मोरपिसांचा पंखा घेऊन, मान खाली घालून सानिका. माधवीने राजकन्येच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि ओठ हलायला लागले. डोळ्यांतून खरं पाणी आलं. सेटवर टाळ्या पडल्या. सानिकासुद्धा म्हणाली, “आई, यू वर डेडली.” म्हणजे छान. माधवी घरी येताना हलकी झाली होती. कबुली दिली होती, आणि कोणाला कळलं नव्हतं.

परीक्षा संपल्या. फॉर्ममध्ये बदल करायची शेवटची मुदत एक जुलै, संध्याकाळी पाच. एकोणतीस जूनला डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात शिवॉनने काम केलेल्या सगळ्यांसाठी सिनेमाचा खेळ ठेवला. मंडळाने पैठण्या नेसून दोन रांगा अडवल्या. पियानो वाजू लागला आणि माधवीचा चेहरा भिंतीएवढा पडद्यावर आला.

शिवॉनने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. त्या दोन रांगांत बिनआवाजी झापणाऱ्या सगळ्या आया आणि त्यांचे ओठ वाचत वाढलेली त्यांची पोरं बसली होती.

“माधवी,” अलकनंदाताई कानाशी आल्या, “तू ‘फॉर्म’ म्हणालीस का गं?”

मागच्या रांगेतून त्यांची मुलगी स्वरांगी शाळेत धडा वाचावा तशी मोठ्याने म्हणाली, “सानू, मी तुझा फॉर्म बदलला. फार्मसी वर टाकली. मला भीती वाटते गं.”

दोन्ही रांगा हसल्या. सानिका हसली नाही.

येताना गाडी नवरा अभिजित चालवत होता.

“कधी?” सानिकाने विचारलं.

“जानेवारीत.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं ना.”

“डोक्यावर नाग ठेवून? आवाज बंद करून?”

घरी येताच तिने स्वतः लॅपटॉप उघडला. “हे बघ, आत्ता नीट करते. तुझ्यासमोर.” फॉर्म उघडला. सर्वांत वर होतं इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग. मग फार्मसी. नाटक तिसरं.

“हे मी नाही केलं!” माधवी किंचाळली.

दोघींनी मागे वळून पाहिलं. कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात सीनियर इंजिनिअर असलेला अभिजित कपाटात डोकं घालून बिस्किटं शोधत होता.

“अगं, सेमीकंडक्टरला किती मागणी आहे आत्ता,” तो कपाटातूनच म्हणाला. “मी आपलं मे महिन्यात सहज...”

“सहज? मुलीच्या फॉर्मला तिला न विचारता हात लावतोस? तिचं आयुष्य आहे ते! लाज नाही वाटली?”

सानिका आईकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते माधवीला तेव्हा ऐकू आलं. तिने लॅपटॉप सानिकाकडे सरकवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, जणू ते कोणी दुसऱ्याचे होते.

सानिका लॅपटॉप घेऊन खोलीत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली. “ग्रँड. झालं. पासवर्डपण बदललाय.”

“वर काय टाकलंस?” अभिजित म्हणाला.

“ऑगस्टमध्ये कळेल. सगळ्यांबरोबर.”

जुलैच्या तिसऱ्या रविवारी गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. मोदकांचा विषय यायच्या आधीच अलकनंदाताईंनी विचारलं, “मग, सानिकाने शेवटी पहिलं काय टाकलं?”

“मला माहीत नाही,” माधवी म्हणाली.

“आम्हालाच सांगायचं नाही का?”

“खरंच माहीत नाही, ताई. मी विचारलं नाही.”

मग एकीने शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हटलं, “पडद्यावर तोंड दिसलं की माणसं अशीच होतात बाई.” माधवीच्या नावावर एकावन्न मोदक लिहिले गेले, तेही तिला न विचारता.

घरी आल्यावर सानिकाने फोनमधून मान वर केली. “विचारलं ना त्यांनी?”

“हो. म्हटलं, मला माहीत नाही.”

“मग?”

“कोणालाही खरं वाटलं नाही.”

सानिका हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग सोफ्यावर थोडी सरकली आणि शेजारची उशी उचलून आईला बसायला जागा करून दिली. माधवी बसली. विचारायचे प्रश्न तोंडात गर्दी करत होते. तिने ओठसुद्धा हलू दिले नाहीत.