गिरिजाआत्याची बिनक्लचची गाडी

माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आत्याला मोटार उत्तम चालवता येते आणि मला येत नाही. म्हणून तिच्यासाठी नवी मोटार निवडण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले.

यात काही विसंगती आहे, असे त्या वेळी कोणालाही वाटले नाही. मी माजलगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. छापील कागद समोर आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, एवढा एकच गुण माझ्या अंगी आहे. आणि मोटारींची माहितीपत्रके छापलेलीच असतात. वाहन चालवण्याचा परवाना मी एकोणसाठाव्या वर्षी मिळवला आणि पुढे तो वापरण्याचा प्रसंग कटाक्षाने टाळला. (लिहायलाही मी असाच उशिरा बसलो आहे. वाचकांनी सुरक्षित अंतर ठेवावे!)

गिरिजाआत्याचे तेलगावात किराणा दुकान आहे. यजमान गेल्यापासून, म्हणजे गेली वीस वर्षे, ती स्वतः जीप घेऊन माजलगावच्या बाजारातून माल आणते. पण अलीकडे तिच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला. क्लच दाबताना दर वेळी तिच्या तोंडून "शिव शिव" निघे, आणि बाजारात पोहोचेपर्यंत तिचा दिवसभराचा जप पुरा होई. ही वार्ता पुण्याला, तिच्या मुलाच्या, महेशच्या कानी गेली आणि त्याचा फोन आला.

"आई, आता बास. दुकान बंद कर आन् पुण्याला ये."

"पुण्याला येऊन काय करू? तुझ्या बाराव्या मजल्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघू का?"

"मग गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याला कावून मधी आणतो? बिनक्लचची गाडी मिळती म्हनं आता. ती घेते!"

महेशने अट घातली. गाडी येईल त्या दिवशी तो तेलगावला येणार. आत्याने त्याच्या डोळ्यांदेखत ती नीट चालवली, तर तो पुण्याचे नाव पुन्हा काढणार नाही. जमले नाही, तर त्याच गाडीत तिचे सामान भरायचे! आत्याने फोन ठेवला, दुकानावरून एकवार नजर फिरवली आणि समोर बसलेल्या मला म्हणाली, "शिवा, चांगली गाडी बघ रे. न्हाईतर हे समदं गेलं माझं."

मी हादरलो, आणि हादरलेला ग्रंथपाल जे करतो तेच केले: तक्ता आखला. सहा गाड्या, अठरा रकाने. आसनाची जमिनीपासून उंची, दार उघडण्याचा कोन, मानेचा आधार, डिकीची खोली; प्रत्येकाला गुण. तीन रात्री खपून मी प्रथम क्रमांक काढला आणि आत्याला घेऊन बीडच्या शोरूममध्ये गेलो. तिने येताना गुळाच्या चार ढेपा बरोबर घेतल्या होत्या.

"मॅडम, हिला मोठा टचस्क्रीन आहे," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे बापू. डिकी उघड, माझा गूळ बसतो का बघू."

गूळ बसला. मग आत्या स्वतः बसली. बसली, मागे रेलली आणि उतरली. "पाठीत टोचतंय." माझा प्रथम क्रमांक गेला! दुसरीत तिचे डोके छताला लागले. तिसरी, चौथी... आणि पाचव्या गाडीत ती बसली ती उतरेचना. पाच मिनिटे झाली. दहा झाली. विक्रेत्याने काळजीने काचेतून डोकावून पाहिले. आत्या घोरत होती!

"हीच," जागी होऊन ती म्हणाली. "घरच्या गादीवर बी मला एवढी झोप न्हाई लागत."

माझ्या तक्त्यात ती गाडी शेवटून पहिली होती. तक्त्याची घडी घालून मी खिशात ठेवली.

गूळ तिच्या डिकीत चढवून चालवायला निघताना विक्रेत्याने बजावले, "मॅडम, डावा पाय पूर्ण विसरायचा." आत्याने क्षणभर विचार केला आणि डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली. "आता न्हाई जायचा तो. बिनचपलेचा पाय कामाला निघत न्हाई." आणि खरोखरच तो गेला नाही. बीडच्या गर्दीतून ती अशी गेली की जणू ही गाडी तिच्या माहेरचीच!

मग तिने मलाही आग्रह केला. शंभर पावलांवर माझ्या डाव्या पायाला वाटले की आता क्लच दाबावा, आणि त्याने सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबला. मागे बसलेला विक्रेता पुढे आला, माझ्या शेजारी काय चालले आहे ते त्याने पाहिले आणि तो परत मागे गेला. डिकीत गूळही दोनदा बोलला.

"सर," विक्रेत्याने टाय सरळ करत विचारले, "गाडी तुमच्यासाठी नाहीये ना?"

गाडी सोमवारी तेलगावला आली. महेशही आला, पुण्याचे बूट, हाताची घडी आणि परीक्षकाची मुद्रा. दुकानापुढे निम्मे गाव जमले होते. पूजेला आलेल्या आमच्या घराण्याच्या गुरूंनी, स्वामींनी, बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढले, बेलाचे पान ठेवले, चार चाकांखाली चार लिंबे ठेवली.

"चल आई, बस," महेश म्हणाला.

"थांब जरा. पहिल्यांदा लिंबं भाच्यानं चिरडायची. त्याचा मान असतो. शिवा, बस रे!"

"आत्या, मला वाटतं की..."

"मान नाकारतो का काय?"

नकार द्यायला जो आवाज लागतो, तो निसर्गाने मला दिलेला नाही. मी बसलो. माहितीपुस्तिका तोंडपाठ होती. गिअरचा दांडा पुढे नेण्याच्या खुणेवर आणला, ब्रेकवरचा पाय हलकेच उचलला. गाडी आपल्या आपण सरकली आणि चारही लिंबे फुटली! टाळ्या झाल्या. मी ब्रेक दाबला. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्या वाहनचालनाला टाळ्या वाजवत होते, आणि त्या भरात बाजूला पाहतो तो स्वामी हातात प्रसाद घेऊन गाडीच्या दाराशी उभे!

स्वामींनी उभे राहावे आणि आपण बसून प्रसाद घ्यावा, हे आमच्या घरात चालत नाही. मी लगबगीने दार उघडून उतरलो, चपला काढल्या आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. संस्कार अगदी यथासांग पार पडले. फक्त गाडी बंद करायची राहिली. (जुन्या जीपच्या क्लचवरून पाय काढला की ती एक आचका देऊन स्वतःच बंद पडत असे. आमच्या घराण्यात गाडी थांबवण्याची तीच प्रचलित रीत होती!)

डोके वर केले, तेव्हा गाडी दार उघडे टाकून रस्त्याला लागली होती. वेग फार नव्हता. जेवण झाल्यावर माणूस शतपावली करतो, तेवढाच.

"आरं, ती निघाली की!"

"आत कोन हाय?"

"कोनीच न्हाई!"

"मंग चालवतंय कोन?"

"बिनक्लचची हाय बे ती," चहावाला म्हणाला. "बिनमान्साची बी चालती!"

एका म्हाताऱ्याने गाडीला हात जोडले. मी अनवाणी धावलो. उजव्या मुठीत प्रसाद होता, तो टाकता येईना. रिकामा हात डावा, म्हणून गोंधळात मी गाडीच्या डाव्या बाजूने धावत होतो आणि उघडे दार नेमके उजव्या बाजूला होते.

"अहो, थांबा! थांबा हो!" मी ओरडलो.

"सर, तिला काय अहो-जाहो करता? पळा!"

महेशने मागून डिकी धरली आणि बूट रोवले. गाडीने त्याला बुटांसकट बरोबर घेतले. समोर एका व्यापाऱ्याने खरेदी केलेल्या कापसाचा पांढराशुभ्र ढीग होता. गाडी शांतपणे त्यात दिव्यांपर्यंत शिरली, तिथे अडली आणि तरीही आतून पुढे रेटत राहिली. महेश मागून ढिगात आला. त्याच्यामागे मी.

"माझा कापूस!" व्यापारी किंचाळला.

"सरका बाजूला," आत्याचा आवाज आला. आम्ही गाडीमागे धावत असताना ती लंगडत सरळ रस्ता ओलांडून आली होती. आत बसली, डाव्या पायातली चप्पल काढली, ब्रेक दाबला, दांडा मागे जाण्याच्या खुणेवर नेला आणि मागे न बघता केवळ आरशात बघून, उसाचा एक ट्रॅक्टर आणि निम्मे गाव चुकवत गाडी दुकानापुढे आणून उभी केली. गाडी बंद केली, किल्ली कमरेला खोचली. बॉनेटवरचे भस्म कापसाखाली झाकले गेले होते. एरवी गाडीला ओरखडाही नव्हता.

महेश केसांतला कापूस काढत आला.

"आई," तो म्हणाला, "तू चालव. गाडी बी चालव, दुकान बी चालव. माझं काही म्हननं न्हाई."

आत्याने पदराने डोळे पुसल्यासारखे केले आणि आधी त्या व्यापाऱ्याला चहा सांगितला. मग महेश माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ होती.

"दादा, तुम्ही येता का पुण्याला?"

मी गेलो नाही. दर सोमवारी आत्या माजलगावला माल भरायला येते, तेव्हा मला घरून घेते. मी मागच्या आसनावर बसतो. लहान मुलांनी चालत्या गाडीतून उतरू नये म्हणून मागच्या दाराला जे कुलूप असते, ते तिने लावलेले असते. बाजारात पोहोचल्यावर ती स्वतः उतरते, वळसा घालून येते, बाहेरून दार उघडते आणि मग मला खाली उतरू देते. नवे हमाल हे पाहून चटकन उभे राहतात. त्यांना वाटते, मोठे साहेब आले!

मीही मान किंचित हलवून त्यांचा नमस्कार स्वीकारतो.