मागच्या चाकांची हवा

माझा नवरा गेला आणि घरातल्या इतर गोष्टींसारखी गाडीही माझ्या अंगावर पडली. चालवायला त्यानंच शिकवलं होतं, पण पेट्रोल, पाणी, हवा ही सगळी त्याची खाती. माझ्याकडे फक्त स्टिअरिंग, तेसुद्धा तो शेजारी बसून सूचनांचा भडिमार करत असताना. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मुलगा, सून, नात बंगळूरला. सासूबाई आदल्या वर्षीच गेलेल्या. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात मी संध्याकाळी टीव्ही लावायची तो घरात कुणीतरी बोलावं म्हणून. बातमी काय होती ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

मी गडमुडशिंगीच्या शाळेत शिकवत होते, तिथं गाडीनं जायची. रविवारी कबनूरला बहिणीकडे. तिच्या घराशेजारी यंत्रमागांचा असा खडखडाट, की आम्ही दोघी ओरडून बोलायचो. आठवड्यात तेवढंच काय ते माझं मोकळं बोलणं.

आणि ती गाडी उडायला लागली. खड्डा आला की मागचा भाग आपटायचा, मागच्या सीटवरचा डबा खाली लोळायचा. एकदा पावसात वळणावर मागची चाकं सरकली आणि मी गाडी कडेला घेऊन थांबले. धाकट्या दिराला हे कळलं. त्याचा गाडीवर कधीचा डोळा होता. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असं तो माझ्या तोंडावर म्हणाला आणि त्यानं बंगळूरला फोनही केला. मुलगा मला म्हणाला, आई, काकाला देऊन टाक, तू रिक्षानं जा. रिक्षा काय एवढ्या लांब कबनूरला जाते? गाडी गेली तर माझा रविवार जाणार होता. घर, शाळा, घर, एवढंच उरणार होतं. मला त्याची भीती वाटत होती, अपघाताहून जास्त.

चूक हवेची आहे हे मी ओळखलं होतं. नवऱ्याचा नियम पाठ होता, पुढे तीस, मागे चौतीस. पण पंपावरच्या हवा मोजायच्या गेजचा भरवसा काय? एका पंपावर चौतीस भरून निघावं आणि पुढच्या पंपावर तेच टायर तीस दाखवावं. तिथल्या माणसाला विचारलं, तर म्हणे दोन्ही बरोबर हायती. म्हणून मी स्वतःचं गेज घ्यायचं ठरवलं.

आधी पेनासारखं घेतलं. टायरला लावलं की मागून आकड्यांची पट्टी बाहेर येते. त्यावरचे आकडे मुंगीएवढे, चष्मा लावूनही धड दिसेनात. मग घड्याळासारखं तबकडीचं घेतलं. त्याचा काटा आपण बटण दाबून सोडेपर्यंत जागचा हलत नाही, म्हणजे निवांत चष्मा लावून वाचता येतं. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना मोजायची, हेही शिकले. पंपावरून थोडी जास्त भरून आणायची आणि सकाळी गल्लीत उकिडवं बसून सोडत सोडत बरोबर चौतीसवर आणायची. येणारे जाणारे विचारायचे, काय हुडकताय? मी म्हणायची, अक्कल.

इतकं करूनही गाडी उडायची ती उडायचीच. म्हणजे हेही गेज खोटं. मी भांडायच्या तयारीनंच दुकानात गेले.

दुकानदार तिरसट होता. त्यानं माझं ऐकून घेतलं नाही. काउंटरमधलं नवं कोरं गेज उचललं, बाहेर येऊन चारही चाकांना आधी ते लावलं, मग माझं. दोन्हींचा आकडा एकच. मी म्हटलं, मग गाडी उडते कशी? त्यानं चाकाकडे पाहिलं, आत डोकावलं.

“गाडीत किती माणसं असत्यात?”

“मी एकटीच.”

“मग ताई, मागं एवढी हवा कुणासाठी भरतायसा?”

त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडून तिथं चिकटवलेली छापील पट्टी दाखवली. त्यावर हवेचे आकडे दोन तऱ्हेचे होते, भरलेल्या गाडीचे वेगळे, एक-दोन माणसांचे वेगळे. मला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. आमची गाडी रिकामी कधी गेलीच नव्हती. जोतिबाला निघालो की नवरा गल्लीच्या तोंडाशी थांबून हाक मारायचा, चला की, जागा हाय. जागा नसायचीच. मागे सासूबाई, शेजारच्या दोघी म्हाताऱ्या, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी नारळाची पिशवी. वर्षानुवर्षं त्या ओझ्याची हवा भरली जात होती, आणि ओझं गेल्यावरही मी तीच भरत होते, नेमकी, चष्मा लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या चाकांची हवा सोडली. फुस्स आवाज होत राहिला आणि मी रडत राहिले. गल्लीतल्या एकीनं पाहिलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं. तिचे उपकार आहेत.

त्या रविवारी कबनूरचा रस्ता होता तेवढाच खराब होता, पण गाडी बसल्यासारखी चालली. डबा जागचा हलला नाही. वळणावरही मी घाबरले नाही. घरी आल्यावर मुलाला फोन केला आणि गाडी कुणालाही द्यायची नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, नक्की काय बिघडलं होतं?

म्हटलं, “काही नाही रे. एका माणसाला किती हवा लागते ते माहीत नव्हतं.”

त्यानं पलीकडे बायकोला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, दिवाळीला येतो आम्ही सगळे.

“येणार असलात तर आदल्या दिवशी कळवा,” मी म्हटलं. “मागची वाढवून ठेवावी लागते.”