उजव्या हाताची मस्टँग

गाड्यांच्या धंद्यात एक गंमत आहे. गाड्या विकल्या जातात, किस्से मात्र शोरूममध्येच पडून राहतात! शारजाच्या आमच्या शोरूममध्ये अमेरिकन स्पोर्ट्स कार मिळतात, कोऱ्याही आणि चाळीस-चाळीस वर्षं जुन्याही. मी तिथे सेल्सला आहे. पुण्याला सुट्टीवर आलो की मित्र मागे लागतात, "पाट्या, एखादा सांग की!" मी सांगत सुटतो, थांबतच नाही. तिकडे सांगायला फारसं कोणी उरलं नव्हतं, त्याचा हा परिणाम असावा.

*

सुरुवात माझ्या नावापासून करतो. मी पाटील.

अरबीत 'प' नाही. त्यामुळे आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे 'अरबाब' म्हणायचो, ते पहिल्या दिवसापासून मला 'मिस्टर बातील' म्हणायला लागले. मला काही वाटलं नाही. गिऱ्हाइकांशी हात मिळवताना मीही "आय ॲम बातील" म्हणायचो. स्थानिक गिऱ्हाईक हमखास हसायचं. मला वाटायचं, काय मनमिळाऊ लोक आहेत!

दोन महिन्यांनी इक्बालभाईंनी उलगडा केला. हे आमचे मेकॅनिक. मूळ खेडचे, पण वीस वर्षं गल्फमध्ये काढलेली, त्यामुळे अरबी पाठ.

"पाटीलसाहेब, अरबीत बातिल म्हणजे काय ठाऊक आहे का? खोटं!"

म्हणजे दोन महिने मी जुन्या गाड्या विकताना गिऱ्हाइकाला आधीच सांगत होतो, नमस्कार, मी खोटा!

पुढे आमच्यात पद्धतच पडून गेली. अरबाबना मला हाक मारायची असली की ते 'मिस्टर बातील' म्हणायचे. आणि मी काही थाप मारली नि त्यांनी ती पकडली, की नुसतं 'बातील'.

*

मंदीच्या आधीची गोष्ट. अल ऐनहून कुलकर्णी नावाचे एक प्रोफेसर बायकोला घेऊन आले. त्यांना पिवळी कॉर्व्हेट हवी होती. वहिनींनी गाडीला दोन चकरा मारल्या.

"केवढ्याला?"

"दीड लाख दिरहम."

"म्हणजे सतरा लाख रुपये! आणि मागची सीट कुठंय?"

"वहिनी, हिला मागची सीट नसते. दोघांचीच गाडी."

"अहो, पुढच्या महिन्यात माझी आई येतेय. ती कुठे बसणार?"

कुलकर्णी माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "म्हणूनच तर बघतोय!"

गाडी त्यांनी घेतली. आम्ही वर्षभर हा किस्सा सांगून हसत होतो.

मग मंदी आली. कुलकर्णी गाडी विकायला परत आले ते एकटेच. वहिनी केव्हाच भारतात परत गेल्या होत्या. मी गाडीत डोकावलो, तर शेजारच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं.

"सर, चालवली नाहीत वाटतं फारशी?"

"चालवली की रोज," कुलकर्णी म्हणाले. "दोन सीटची घेतली ना पाटील, तिथेच चुकलं. एक जास्तच झाली."

या वेळी कोणी हसलं नाही.

*

आता माझी स्वतःची चूक. ही सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

अरबाबना साठच्या दशकातली मस्टँग हवी होती. इंटरनेटवर एक निळी सापडली. मी आणि इक्बालभाई लॅपटॉपला डोळे लावून दोन तास बसलो. गंज बघितला, क्रोम बघितलं, सीटची शिवण बघितली, डॅशबोर्डवरची बटणं मोजली. इक्बालभाई म्हणाले, "एक नंबर!" मी अरबाबना ओके सांगितलं.

गाडी बोटीने खोर फक्कान बंदरात आली. अरबाब पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घालून जातीने हजर. कंटेनर उघडला. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, ऐटीत बसले, स्टिअरिंग धरायला दोन्ही हात पुढे केले, आणि हात तसेच हवेत राहिले. समोर कप्पा होता. स्टिअरिंग पलीकडे, उजव्या बाजूला!

अमेरिकन गाडी खरी, पण ती कधीकाळी ऑस्ट्रेलियात गेली होती आणि तिथे कोणीतरी स्टिअरिंग बदलून घेतलं होतं.

"मिस्टर बातील, फोटो देखा था?"

"देखा था, अरबाब."

"अंदर का भी?"

"अंदर का भी."

"फिर?"

"सब बराबर लगा."

खरंच वाटलं होतं हो! मी पुण्याचा, इक्बालभाई खेडचे. जन्मभर स्टिअरिंग उजवीकडेच पाहिलेलं. इतकी वर्षं तिकडे डावीकडे बसून गाड्या हाकल्या, तरी फोटो बघताना दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही.

तिकडे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचं पासिंग होत नाही. शोभेला ठेवा, रस्त्यावर आणू नका, या अटीवर ती सुटली आणि शोरूमच्या कोपऱ्यात उभी राहिली. अरबाबनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली, "मिस्टर बातील, जिस दिन ये गाडी बिकेगा, उस दिन तुम घर जाएगा. उससे पहले नहीं!"

*

२००८ संपता संपता शोरूममध्ये माणसं कमी करायला सुरुवात झाली. आम्ही नऊ जण होतो. रोज एकेकाला आत बोलावणं यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी सर्टिफिकेटांची फाइल काखेत मारूनच गेलो.

अरबाबनी फाइलकडे पाहिलंही नाही. "मस्टँग बिका?"

"नहीं, अरबाब."

"तो फिर किधर जाता? यल्ला, काम करो."

माझ्या चुकीने माझी नोकरी वाचली! शेवटी अरबाब, इक्बालभाई आणि मी, एवढेच उरलो.

पगार मात्र निम्मा झाला. माझी बायको मेधा आणि मुलगी ईशा पुण्याला गेल्या. सहा महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. ईशा तेव्हा दुसरीत होती आणि आमच्या मराठीला इंग्रजीतच उत्तर द्यायची. एअरपोर्टवर तिने विचारलं, "बाबा, सिक्स मंथ्स इज हाऊ मेनी डेज?" मी म्हटलं, एकशे ऐंशी. "दॅट्स ओके," म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन फ्रीज उघडला. मेधाने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सोमवार, मंगळवार, अशा रविवारपर्यंत. पुढच्या सोमवारी मी फ्रीज उघडून तिथेच उभा राहिलो आणि रडलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

*

मंदीत गिऱ्हाईक नसायचं. दुपारी मी आणि इक्बालभाई डबे घेऊन त्या निळ्या मस्टँगमध्ये जाऊन बसायचो. ते उजवीकडे, स्टिअरिंगवर. मी डावीकडे. तसं बसलं की जेवण गोड लागायचं.

हळूहळू इक्बालभाई गाडी चालवायला लागले. इंजिन बंद, गाडी जागच्या जागी, आणि हे एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने वळणं घेतायत! "पनवेल सोडलं... हां, आला कशेडी घाट. धरून बसा पाटीलसाहेब!" मी खरोखर धरून बसायचो. एकदा त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मी दचकलो. "काय झालं?"

"म्हैस!"

तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर एक गोरा साहेब. "इज इट फॉर सेल?"

इक्बालभाईंनी मान हलवली. "नो सर. वी आर गोइंग."

*

सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. दर वर्षी एक महिन्याच्या सुट्टीवर मी पुण्याला जायचो.

एका सुट्टीत आम्ही तिघं कुठेतरी जायला निघालो. टॅक्सी आली. मेधा आणि ईशा मागे बसल्या. मी पुढे बसायला म्हणून ऐटीत उजवीकडचं दार उघडलं, तर आत ड्रायव्हर! त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साहेब, तुम्ही चालवताय का? मग मी तिकडे सरकतो."

ईशा पोट धरधरून हसली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "काका, राहू द्या. आमचे बाबा तिकडचे आहेत."

हे ती चक्क मराठीत म्हणाली. मी डावीकडे जाऊन बसलो.

*

आता शेवटचा.

धंदा सुधारला, पगार पूर्ववत झाला. मी मेधाला म्हटलं, आता या. ती पुण्यात बँकेत लागली होती. ती म्हणाली, "ईशाला विचारा. ती तिकडे राहते म्हणाली, तर मी राजीनामा देते. नाही म्हणाली, तर हा विषय बंद."

ईशाची आठवीची परीक्षा झाली आणि ती पंधरा दिवसांसाठी एकटीच आली. मी घर रंगवून घेतलं. शाळा बघून ठेवली, ॲडमिशनचा फॉर्म आणला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. शोरूम दाखवायची, अरबाबशी ओळख करून द्यायची आणि मग विचारायचं, असा बेत होता.

एअरपोर्टबाहेर ती माझ्या गाडीशी आली, सरळ डावीकडे गेली आणि दार उघडलं. समोर स्टिअरिंग.

"सॉरी बाबा," ती हसली, "सवय!"

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये नेलं. अरबाब तिच्यासाठी खजुराचा मोठा डबा घेऊन आले होते. ईशाने लाल कॉर्व्हेट बघितली, नवी काळी मस्टँग बघितली, आणि कोपऱ्यातल्या निळ्या मस्टँगपाशी जाऊन थांबली. डावीकडचं दार उघडून आत बसली. मी पलीकडून उजवीकडे बसलो. हीच वेळ, असं मनात म्हटलं आणि खिशात हात घातला.

"बाबा, या गाडीत कसं बरोबर वाटतं ना?"

"हो."

"ही कोणी विकत का घेत नाही?"

"इथे हिला रस्त्यावर काढता येत नाही. हिचं स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखं आहे."

तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला. बोटाला लागलेली धूळ बघितली.

"मग इतकी वर्षं इथे कशाला ठेवलीय? घरी पाठवा ना तिला."

अरबाब माझ्या बाजूच्या खिडकीशी वाकले. त्यांना मराठीचं अक्षरही कळत नाही.

"मिस्टर बातील, बच्ची क्या बोलता?"

मी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला.

"बोलती है, इधर बहुत अच्छा लगता है."

अरबाबनी ईशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. दारावर ठेवलेला हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"बातील," ते म्हणाले.