मेंढपाळाची कातर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझीच लाज वाटते, मंग बरं वाटतं. मी सातवी पास. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो, जमादार होऊन निवृत्त झालो. गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखतो, असा माझा दावा होता. तो दावा एका मेंढपाळाने मोडला.

नोकरीची शेवटची वर्षं होती. घनसावंगी तालुक्यात मेंढ्या चोरीला गेल्याच्या दोन तक्रारी ठाण्यात पडून होत्या. कुंभार पिंपळगावच्या बाजारात बंदोबस्ताला होतो. कापड दुकानाच्या सेठजींनी मला हात करून बोलावलं.

"जमादार, त्या लिंबाखाली एक माणूस घोंगडी, कातर, चांगला मेंढा फुकट वाटून राह्यला. पन्नास वर्षं धंदा केला, फुकट कोणी काही देत न्हाई. माल चोरीचा हाय, बराबर बघा."

मला पटलं. ज्यांना वाटलं होतं त्यांच्याकडून मेंढा, घोंगडी परत घेतली, कातर ताब्यात घेतली आणि माणसाला ठाण्यात आणलं. पस्तिशीचा गडी, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. मी मनात म्हटलं, चोरच.

"गेल्या महिन्यात मेंढ्या तूच नेल्या?"

"हो."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"त्याबी."

"विकल्या कोणाला?"

"तुम्ही म्हणाल त्याला."

अर्ध्या तासात दोन गुन्ह्यांची कबुली! मी छाती फुगवून लिहायला बसलो. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, माल मिळाला पाहिजे. माल कुठं, तर त्याला सांगता येईना. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, त्याने हात लावला नाही. मला संशय आला. खिडकीतून आमची जीप समोरच उभी दिसत होती. मी विचारलं, "आणि ठाण्याची जीप? तीपण तूच चोरली?"

त्याने मान वर केली नाही. "हो साहेब. मीच."

शिपाई फिसकन हसला. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांत खोटं बोलणारे हजार पाहिले, पण सगळे सुटायला खोटं बोलायचे. हा अडकायला खोटं बोलत होता.

तेवढ्यात निरोप मिळून त्याचा थोरला भाऊ आला. आला तसा त्याच्यावरच खेकसला, "काय बे, इज्जत घालवली ना! साहेब, दोन महिने झाले, मेंढरामागं जात न्हाई, जेवत न्हाई, झोपत न्हाई. कुत्र्यालाबी आवाज देत न्हाई. नुसता आळस भरलाय!" बोलता बोलता त्याची नजर माझ्या टेबलावर गेली. त्याने कातर उचलली.

"ही कातर... ही कुठं सापडली?"

"बाजारात वाटत होता."

"बापाची हाय साहेब. आमच्या घरात कातर माणूस गेल्यावरच दुसऱ्याच्या हातात जाते."

 मी शिपायाला बाहेर पाठवलं, खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि सरळ विचारलं, "बाबा, जिवाचं काही करायचं मनात येतं का?"

 मंग तो रडायला लागला. "येतं साहेब. रोज येतं."

चौकशी तिथंच संपली. मेंढा, घोंगडी, कातर त्याचीच होती. ठाणेदार साहेबांना सांगितलं, ठाण्याच्या डायरीत नोंद केली, आणि त्याच जीपमधून दोघा भावांना जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. आळस नाही, नाटकही नाही. तुम्ही विचारलंत ते चांगलं केलं. विचारल्याने वाईट विचार वाढत नाहीत, माणसाला बोलायला जागा मिळते." थोरल्याला त्यांनी बजावलं, "मर्दासारखा उठ, असं म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका. औषध चुकवू नका."

पण रानात फिरणाऱ्या माणसाचं औषध कोण बघणार? मला पोलिसाचीच एक रीत येत होती. मी त्याला म्हटलं, "दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजेरी. गोळ्यांचं पाकीट दाखवायचं. बरा होईपर्यंत कातर माझ्या कपाटात." कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. तो नाही म्हणू शकत होता. म्हणाला नाही.

पहिले काही बाजार तो यायचा, बसायचा, जायचा. मी दोन शब्द बोलायचो. एकदा आलाच नाही, तेव्हा मी मोटारसायकल काढून त्यांच्या मेंढवाड्यावर गेलो. तर मेंढी व्याली म्हणून थांबला होता. इतका आनंद मला बढतीला झाला नव्हता. मंग एका बाजारी आला. दाढी केलेली, समोर ठेवलेला चहाही त्याने संपवला.

"जमादार साहेब, आमची कातर द्या ना. लोकर वाढलीय."

"अन् न्हाई दिली तर?"

"तर तुमच्यावर चोरीची तक्रार देतो. जीपबी तुम्हीच चोरली म्हणून सांगतो."

मी कपाट उघडलं. धार लावून ठेवली होती.

मी हट्टी माणूस, चूक सहसा कबूल करत नाही. पण हे लिहून ठेवतो: खाली गेलेली मान गुन्ह्याचीच असते असं नाही. एखादा माणूस जपलेल्या वस्तू वाटायला लागला, गप्प झाला, तर पंचनामा नंतर करा. आधी शेजारी बसा आणि विचारा. मी ते अर्धा तास उशिरा विचारलं. नशीब, अर्धाच तास.