व्याह्यांच्या दुकानातली स्कूटर

आईची बॅटरीची स्कूटर पहिल्या दोन महिन्यांत तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा मी दुकानात तक्रार करायला जाऊन जेवून आलो.

स्कूटर म्हणजे तरण्या पोरांची नव्हे. गुडघे गेलेल्या माणसांसाठी चार चाकांवर बसवलेली खुर्ची असते. पुढे हँडल, बोटानं दाबायचा खटका आणि खाली बॅटरी. आईचे गुडघे जाऊन दोन वर्षं झाली होती. तोवर ती रोज दुपारी चालत आमच्या बुऱ्हाणपूरच्या राजपुरा भागात कुसुममावशींकडे जायची. भांडायला. या दोघींचं भांडण त्यांच्या लग्नांपासून चालू आहे (विषय आता दोघींनाही आठवत नाही) आणि त्यावरच दोघींची तब्येत टिकून आहे. गुडघे गेल्यावर मी सुचवलं, फोनवर भांडा.

"फोनवर काय भांडन होतं? ती मधातच ठेवून देते."

"मग मी मोटरसायकलवर सोडतो."

"तू सोडशील, मंग घड्याळ पाहत बसशील. मले कोनी नेऊ नका. माझी मी जाईन."

म्हणून स्कूटर घ्यायची ठरली. आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मी शाळेत वाणिज्य शिकवतो आणि ग्राहकांचे हक्क हा माझा हातखंडा धडा आहे. बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या, दोष निघाला तर लेखी तक्रार करा, गप्प बसू नका. वर्गातली मुलं हे झोपेतही म्हणतात (बहुतेक माझ्याच तासाला). तर असा मी, स्कूटर घ्यायला गेलो आमचे व्याही दत्ताभाऊ यांच्याकडे. माझ्या पल्लवीचे सासरे. लालबाग रस्त्यावर त्यांचं दुकान आहे; खाली व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. दुसरीकडून घेतली असती तर सोयरिकीत कायमची गाठ बसली असती. आणि इथून घेतली तर बिल कसं मागणार? मुलीच्या सासऱ्याकडे पक्कं बिल मागायचं म्हणजे चारचौघांत त्याच्या खिशात हात घालण्यासारखं! मी बिल मागितलं नाही, वॉरंटी कार्ड मागितलं नाही, वर "घरचंच दुकान आहे" म्हणून मोठ्यानं हसलोसुद्धा.

चौथ्या दिवशी राजपुऱ्याच्या दरवाज्याशी, जरा चढ लागला तिथे, स्कूटरनं एक शिट्टी मारली आणि ती थांबली. काटा बॅटरी भरलेली दाखवत होता. आईनं खटका दाबला, हँडलला चापट्या मारल्या, शेवटी शिव्या दिल्या. मागे रिक्षांची रांग लागली. एका केळीवाल्यानं आपली गाडी बाजूला लावून आईला ढकलत घरी आणलं. वाटेत त्यानं चौकशी केली, दुकान कोणाचं? आई म्हणाली, "सोयऱ्याचं." तो म्हणाला, "मंग गेलंच."

मी तिरीमिरीत निघालो. मनाशी तक्रारीची चार वाक्यं जुळवली होती. दुकानाची पायरी चढलो तोच दत्ताभाऊ गल्ल्यावरून उठून धावत आले.

"या, या, व्याही साहेब! पल्लवी, सर आले, पानी आन. जेवल्याशिवाय जाऊ देनार नाही हं."

वर वरण-बट्टीचा बेत होता. तुपाची वाटी घेऊन पल्लवी समोर उभी. मी तोंड उघडलं की ती डोळे मोठे करायची. लहानपणी मी तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचो तीच नजर, व्याजासकट.

"आणि स्कूटर कशी काय चालते?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो. बट्टी घशात होती, पण तिला दोष देण्यात अर्थ नाही.

घरी आलो तो डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि दराब्याच्या मिठाईचा डबा. बायकोनं, सुनंदानं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तक्रार केली?"

"वातावरण नव्हतं."

"दिसतंय. नारळ फोडू का जपून ठेवू?"

चार्ज केली की स्कूटर घराजवळ पुन्हा चालायची, पण मावशींपर्यंत पोचायची नाही. दुसऱ्यांदा ती भाजीबाजारात थांबली आणि आईला एका मेथीवालीनं तासभर आपल्या पोत्यावर बसवून घेतलं. दत्ताभाऊंकडे त्या दिवशी मांडे होते. तिसऱ्यांदा ती कुसुममावशींच्या दारापासून वीस पावलांवर थांबली. मावशी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही चालवत नाही. दोघी वीस पावलांवरून एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी मी टेम्पो आणून आईला त्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाहेरचं पातळ नेसलंच नाही. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली. आज बोलायचंच, असं ठरवून मी निघालो.

आणि त्याच दिवशी दत्ताभाऊंनी जेवणानंतर खिशातून फोन काढला.

"सर, दुकानाच्या ग्रुपवर टाकाले दोन शब्द बोलून द्या ना. तुमच्यासारख्या मान्साचं लोकं ऐकतात."

नाही म्हणता आलं असतं. पण समोर फोन, पोटात खीर, आणि मला बोलायला सांगितलंय! पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची सवय असलेला माणूस मी, दोन शब्दांवर थांबतो कशाला? "ग्राहकांच्या हक्कांचा शिक्षक या नात्यानं सांगतो," अशी सुरुवात करून मी सहा मिनिटं बोललो. माझ्या आईला या स्कूटरनं नवं आयुष्य दिलं, असंही म्हणालो. (आई त्या वेळी घरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.)

व्हिडिओ दोन दिवसांत बुऱ्हाणपूरभर फिरला. तिसऱ्या दिवशी शाळेत टाळ्या मिळाल्या. पंधराव्या दिवशी दारात जैनाबादचे एक निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले, घामानं निथळत.

"सर, तुमचा व्हिडिओ पाहून घेतली. तापीच्या पुलावर मधोमध बंद पडली. दोन्हीकडून ट्रक. आता मी काय करू, सांगा."

"दुकानात तक्रार करा ना," मी म्हणालो.

"मी तुमच्याकडेच करतो. मी दुकानावर नाही, तुमच्यावर भरोसा ठेवला होता."

आतून आई म्हणाली, "मास्तर, आत या. बसा. कोनता व्हिडिओ?"

पोस्टमास्तरांनी फोन तिच्या हातात दिला. तिनं सहाच्या सहा मिनिटं पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण पाणी प्यायलो.

"बोलतो चांगला," एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी चहाला तर तिचा सूर अगदी मऊ होता.

"काबरं रे, वस्तू खराब निघाली त कायद्यात काय असतं?"

आयुष्यात पहिल्यांदा आईनं माझ्या विषयात रस घेतला होता! मी रंगात येऊन सगळं सांगितलं. आधी लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, नाही ऐकलं तर ग्राहक आयोग. बिल नसेल तर दुसरा पुरावाही चालतो. फार काय, खोटी जाहिरात करणाऱ्यालाही कायदा जबाबदार धरू शकतो.

"त्यालेबी?"

"त्यालाही!" मी मांडीवर थाप मारून म्हणालो.

पुढच्या आठवड्यात पोस्टमन आला. दोन पाकिटं निघाली होती, एक लालबाग रस्त्याला गेलं आणि दुसरं माझ्या नावे. पाठवणारीचा पत्ता आमचाच. मी सही केली, तेव्हा आई चार फुटांवर शेंगा सोलत बसली होती. आत पोस्टमास्तरांच्या वळणदार अक्षरातली नोटीस. तीन वेळा कुठे-कुठे बंद पडली ते स्थळासकट, खरेदीचा पुरावा म्हणून व्हिडिओ, आणि स्कूटर पंधरा दिवसांत बदलून द्यावी. विरुद्ध पक्ष क्रमांक एक, दत्ताभाऊ. क्रमांक दोन, मी.

"आई, सोयरिकीचं काय होईल?"

"सोयरीक तुही. गुडघे माहे."

दत्ताभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. मी दारातच हात जोडून उभा राहिलो. सुनंदानं घाईघाईनं शेवभाजी टाकली. पल्लवीच्या संसाराचं आता काय, या विचारानं मी त्यांच्यासाठी दोनदा पाणी आणलं. दत्ताभाऊंनी पाणी पिऊन नोटीस गुडघ्यावर ठेवली.

"सर, तीनदा जेवले माझ्याकडे. एकदाबी नाही बोलले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अहो, तो बॅटरीचा लॉटच खराब होता. मी कंपनीले लिहिलं असतं, त्यांनी कवाच बदलून दिली असती. तुमचं उत्तम-उत्तम ऐकून मी त अजून मागवल्या!"

आठवड्याभरात आईची आणि पोस्टमास्तरांची, दोन्ही स्कूटर बदलून आल्या. या वेळी पक्कं बिल आणि शिक्क्याचं वॉरंटी कार्ड आईनं स्वतः मोजून घेतलं. पहिल्याच दुपारी ती बाहेरचं पातळ नेसून एकटी निघाली. राजपुऱ्याचा चढ तिनं न थांबता चढला आणि मावशींशी दोन वर्षांचं साचलेलं भांडण एका बैठकीत केलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा इतका टवटवीत होता की मी धीर करून विचारलं.

"आई, दत्ताभाऊंशी तर मिटलं. माझ्यावरची नोटीस मागे घेणार ना?"

ती स्कूटरवरून न उतरताच म्हणाली, "दत्ताजीनं खराब वस्तू बदलून देली, विषय संपला. तुले कोन बदलून देईल?"

मूळचाच दोष असेल तर जबाबदारी उत्पादकाची असते, असं कलम आहे. मी ते दर वर्षी शिकवतो. पण उत्पादक समोर स्कूटरवर बसली होती आणि तिचं बोट खटक्यावर होतं, म्हणून मी वाटेतून बाजूला झालो.